कॅमेरा, ड्रोन आणि सात किलो: मुंबई ते मसाई मारा

विमानप्रवासात कॅमेऱ्याचे आणि ड्रोनचे सामान कुठल्या बॅगेत जाईल हे तीन गोष्टींवर ठरते: लिथियम बॅटरीच्या आगीचा धोका, वजनाची मर्यादा आणि ज्या देशात जायचे तिथला कायदा. बॅटरीची जागा पहिली गोष्ट ठरवते, लेन्स आणि ट्रायपॉडची दुसरी. तिसरी बहुधा उशिरा आठवते, पण ड्रोन घरातून हलवायचा की नाही हे तिच्यावरच अवलंबून असते. मुंबईहून नैरोबी आणि तिथून छोट्या विमानाने मसाई मारा या प्रवासात या तिन्ही गोष्टींचा चांगलाच कस लागतो. महाराष्ट्रातून वन्यजीव छायाचित्रणासाठी जुलै ते ऑक्टोबर या काळात, म्हणजे विल्डबीस्टच्या स्थलांतराच्या हंगामात, अनेक गट माराला जातात. ही बांधाबांध कशी करावी हे समजून घ्यायला त्यांचा मार्ग सोयीचा आहे.

सुरुवात बॅटरीपासून करावी लागते. लिथियम-आयन बॅटरीत दोन ध्रुवांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. आपटल्याने, दाबल्याने किंवा निर्मितीतल्या दोषामुळे तो फाटला की आतल्या आत शॉर्टसर्किट होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होऊ लागते आणि त्या वेगाने उष्णता आणखी वाढते. आतील द्रवाचे ज्वालाग्राही वायू होऊन बाहेर पडतात आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. प्रवासी विमानाच्या मालकक्षातील हॅलॉन वायू ज्वाळा विझवतो, पण सेल थंड करत नाही. सेल थंड करायला पाणी लागते आणि ते ओतायला माणूस लागतो. म्हणून सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, त्या प्रवाशाजवळच असाव्या लागतात. केबिनमध्ये धूर दिसतो, कर्मचारी धावून येतात आणि पाणी ओतून बॅटरी थंड करता येते. मालकक्षात हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

हा नियम अनुभवातून आला आहे. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या यूपीएस कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात आग लागली. विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता आणि त्या अपघातात दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय बंदी आली. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीतले एक विमान जळाले. प्रवासी वेळेवर बाहेर पडले, पण संशयाची सुई सामानाच्या कप्प्यातील पॉवर बँकेकडे वळली. त्यानंतर अनेक विमान कंपन्यांनी पॉवर बँकेबाबतचे नियम कडक केले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशागणिक एकच पॉवर बँक ठेवली, तीही १०० वॅट-अवरपेक्षा कमी क्षमतेची, आणि विमानात ती वापरण्यास मनाई केली. मुंबईहून दुबईमार्गे नैरोबीला जाणाऱ्यांना हा नियम थेट लागू होतो.

बॅटरीची ऊर्जा वॅट-अवरमध्ये मोजतात. मिलिअँपिअर-अवरला हजाराने भागायचे आणि व्होल्टने गुणायचे, की वॅट-अवर मिळतात. सर्वसाधारण नियम असा: १०० वॅट-अवरपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंतच्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या परवानगी घेऊन नेता येतात. १६० च्या वरची बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. सुट्या बॅटऱ्यांची एकूण संख्या बहुतेक ठिकाणी वीसपर्यंत मान्य असते, पण एखादी कंपनी त्याहून कडक नियम लावू शकते.

हे गणित मांडले की बरीच काळजी मिटते. सोनीची एनपी-एफझेड१०० ही कॅमेऱ्याची बॅटरी २२८० मिलिअँपिअर-अवर आणि ७.२ व्होल्टची, म्हणजे १६.४ वॅट-अवरची आहे. डीजेआयच्या मिनी ४ प्रो ड्रोनची साधी बॅटरी १८.९६ वॅट-अवरची, तर मॅव्हिक ३ ची ७७ वॅट-अवरची. २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ३.७ व्होल्टने गुणल्यास ७४ वॅट-अवरची ठरते. ३०,००० ची मात्र १११ वर जाते आणि तिला परवानगी लागते. व्यावसायिक ड्रोनमध्ये हा फरक निर्णायक ठरतो. इन्स्पायर २ ची टीबी५० बॅटरी ९७.५८ वॅट-अवरची असल्याने शंभराच्या आत राहते. मॅट्रिस २०० मालिकेची टीबी५५ ही बॅटरी १७४.६ वॅट-अवरची आहे. ती प्रवाशाच्या कुठल्याच बॅगेत बसत नाही, माल म्हणून वेगळी पाठवावी लागते. बॅटरीवरचा छापील आकडा पुसट झाला असेल तर सुरक्षा कर्मचाऱ्याला ऊर्जा किती हे पाहता येत नाही. मग ती बॅटरी बाजूला काढली जाते. अशी बॅटरी घरीच ठेवलेली बरी.

प्रत्येक सुट्या बॅटरीचे धातूचे टोक झाकलेले असावे. नाणी, किल्ल्या किंवा दुसरी बॅटरी टोकांना चिकटली की शॉर्टसर्किट होऊ शकते. बॅटरीसोबत येणारी प्लास्टिकची टोपी उत्तम. ती नसेल तर टोकांवर चिकटपट्टी लावून बॅटरी वेगळ्या कापडी पिशवीत ठेवावी. फुगलेली, पिचलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी प्रवासाला न्यायची नाही. ड्रोनच्या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांना धातूचे कडक कवच नसते, त्यामुळे त्या फुगल्या की चटकन लक्षात येते. अशा बॅटऱ्या पूर्ण भरून दिवसेंदिवस ठेवल्यास लवकर खराब होतात. प्रवासाला निघताना त्या साधारण निम्म्या भरलेल्या असाव्यात. मुक्कामी पोहोचल्यावर पूर्ण चार्ज कराव्यात.

पुढचा प्रश्न ड्रोनचा, आणि त्याचे उत्तर बॅग बांधण्याआधीच मिळायला हवे. भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी ड्रोनचे वजनानुसार वर्ग पाडले. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि त्यानंतरचे वर्ग त्याहून मोठ्या यंत्रांचे. मिनी ४ प्रोचे वजन २४९ ग्रॅम ठेवण्यामागे हीच २५० ची रेषा आहे, कारण युरोपसह अनेक देशांत ती महत्त्वाची आहे. त्याच ड्रोनला मोठी बॅटरी लावली की वजन २९० ग्रॅमच्या आसपास जाते आणि वर्ग बदलतो. कोणती बॅटरी न्यायची हा प्रश्नही इथे कायद्याशी जोडला जातो.

केनियात नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ड्रोन देशात आणता येत नाही. नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर येणाऱ्या सामानाची क्ष-किरण तपासणी होते आणि परवानगी नसलेला ड्रोन तिथे अडवून ठेवला जाऊ शकतो. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांत तर उड्डाणाला वेगळी परवानगी लागते, आणि पर्यटकाला ती मिळणे जवळपास अशक्य असते. मसाई मारा हे अभयारण्य नारोक काउंटीच्या सरकारकडे आहे. मोरोक्कोत आणि इजिप्तमध्येही पर्यटकाचा ड्रोन विमानतळावरच अडकतो. परतीच्या वाटेवर आणखी एक अडचण उभी राहते: भारताने ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली आहे आणि संशोधन, संरक्षण व सुरक्षा एवढ्याच कामांसाठी सूट ठेवली आहे. परदेशात स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला ड्रोन मुंबईत उतरल्यावर गमावण्याची पाळी येते. माराच्या प्रवासात ड्रोन घरी ठेवणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे. त्यात प्राण्यांचेही हित आहे. डोक्यावर घोंघावणाऱ्या यंत्राने कळप उधळतात, आणि नदी ओलांडण्यासाठी काठावर जमलेला कळप उधळणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ.

जिथे ड्रोन न्यायची मुभा आहे तिथे तो नीट बांधावा लागतो. सर्वांत नाजूक भाग म्हणजे कॅमेऱ्याला तोलून धरणारा गिंबल. त्याचे संरक्षक कव्हर लावल्याशिवाय ड्रोन बॅगेत ठेवू नये, कारण दाब आला तर त्याच्या बारीक मोटरी बिघडतात. पाती घडी घालून पट्ट्याने बांधावीत, रिमोटच्या काड्या काढून त्यांच्या खाचेत बसवाव्यात आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. ड्रोनचा सांगाडा केबिनमध्ये चालतो की चेक-इनमध्येच द्यावा लागतो हे विमान कंपनी आणि विमानतळ यांनुसार बदलते. ते तिकीट काढतानाच लेखी विचारून घ्यावे. सांगाडा कुठेही गेला तरी बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच राहतात.

वजनाचा हिशेब त्यानंतरचा. भारतातून इकॉनॉमी वर्गात हातातल्या बॅगेची मर्यादा बहुधा ७ किलो असते, काही आंतरराष्ट्रीय कंपन्या त्याहून अधिक देतात. वन्यजीव छायाचित्रकाराची मोजकी सामग्री घेऊन पाहू. निकॉन झेड ८ चे दोन कॅमेरे, प्रत्येकी ९१० ग्रॅम, म्हणजे १.८२ किलो. १८०-६०० मिलिमीटरची लेन्स तिच्या ट्रायपॉड कॉलरसह २.१४ किलो. २४-१२० ची लेन्स ६३० ग्रॅम. चार सुट्या बॅटऱ्या सुमारे ३२० ग्रॅम. बेरीज ४.९१ किलो. रिकाम्या बॅगेचे १.८ किलो धरले तर काटा ६.७१ वर येतो. उरलेल्या ३०० ग्रॅमहून कमी वजनात पॉवर बँक, मेमरी कार्डे आणि औषधे. ड्रोन न्यायचाच असता तर रिमोट आणि दोन सुट्या बॅटऱ्यांसह आणखी आठशे ग्रॅम लागले असते.

या हिशेबात बॅगेचे स्वतःचे वजन फार मोलाचे ठरते. पेलिकन १५१० ही चाकांची टणक पेटी कॅमेऱ्यासाठी नावाजलेली आहे, पण रिकामी असतानाच ती पाच किलोंहून जड असते. सात किलोंच्या मर्यादेत तिच्यात एक कॅमेरा आणि एक लेन्स एवढेच मावते. मऊ पाठपिशवीत गादीचे कप्पे घालून तेच संरक्षण बरेचसे मिळते. छायाचित्रकाराच्या जाकिटाला मोठे खिसे असतात. एक लेन्स आणि दोन बॅटऱ्या खिशात गेल्या की बॅग काट्यावर हलकी पडते, कारण अंगावरचे कपडे सहसा मोजले जात नाहीत.

चेक-इन बॅगेत काय द्यायचे हे आता सोपे होते. ट्रायपॉड, चार्जर, केबल, रेन कव्हर, पान्यांचा संच, बहुउपयोगी चाकू आणि कपडे तिथे जातात. पाने आणि चाकू तर केबिनमध्ये चालतही नाहीत. धूळ उडवण्यासाठी दाबलेल्या हवेचा डबा कुठल्याच बॅगेत नेऊ नये. त्याऐवजी हाताने दाबायचा रबरी फुगा न्यावा. लेन्स पुसायचे द्रावण १०० मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर हातातही चालते. चेक-इन बॅग एक-दोन दिवस उशिरा मिळाली तरी छायाचित्रण थांबू नये, हे सूत्र धरून एक चार्जर आणि एक केबल हातातल्या बॅगेत ठेवतात. कॅमेरा, दूरची लेन्स आणि मेमरी कार्डे कधीही हातावेगळी करू नयेत.

कागदपत्रे हा या बांधाबांधीचाच भाग आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा अनुक्रमांक, खरेदीचे बिल आणि विम्याचे कागद यांची छापील प्रत व मोबाइलमधील प्रत सोबत असावी. मुंबईहून निघताना महागड्या उपकरणांसाठी सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. अधिकारी वस्तू प्रत्यक्ष पाहून अनुक्रमांक नोंदवतात. परत आल्यावर हेच प्रमाणपत्र सांगते की उपकरणे इथूनच गेली होती, आणि मग त्यांच्यावर शुल्क मागितले जात नाही. वस्तू दाखवावी लागत असल्याने हे काम चेक-इनला सामान देण्याआधी उरकावे आणि त्यासाठी हाताशी वेळ ठेवावा.

सुरक्षा तपासणीत कॅमेरे, मोठ्या लेन्स आणि पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. बॅग अशी बांधलेली असावी की या वस्तू वरच्या थरात मिळतील आणि मागच्या रांगेला थांबवून सगळे कप्पे उपसावे लागणार नाहीत. डिजिटल कॅमेऱ्याला आणि कार्डांना क्ष-किरणांनी इजा होत नाही. फिल्म वापरणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. चेक-इन सामानाचे क्ष-किरण तीव्र असतात आणि केबिन बॅगांसाठी येणारी नवी सीटी स्कॅन यंत्रेही फिल्म खराब करू शकतात. तिची हाताने तपासणी करण्याची विनंती करावी. पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी ही विमानतळे अनुक्रमे हवाई दलाच्या आणि नौदलाच्या तळांवर आहेत. तिथून मुंबईला जोडविमान घेणाऱ्यांनी धावपट्टीवर किंवा खिडकीतून कॅमेरा काढू नये.

विमानात बसल्यावर बॅटऱ्यांची पिशवी समोरच्या आसनाखाली, नजरेसमोर ठेवावी. वरच्या कप्प्यात दाटीवाटीने कोंबलेल्या बॅगांखाली ती ठेवू नये. बॅटरी गरम वाटली, फुगली किंवा विचित्र वास आला तर स्वतः खटपट न करता लगेच कर्मचाऱ्यांना सांगावे. बॅटरी आसनाच्या फटीत पडली तर आसन हलवू नये, कारण यंत्रणेत ती चिरडली जाऊ शकते.

नैरोबीत उतरताना एक साधी वस्तू त्रास देऊ शकते. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आणि ५ जून २०२० पासून राष्ट्रीय उद्यानांसारख्या संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला मनाई केली. धूळ आणि दमटपणापासून वाचवण्यासाठी छायाचित्रकार केबल, फिल्टर, कार्डे अशा पिशव्यांत भरतात. या प्रवासात त्यांची जागा कापडी बटवे आणि टणक डबे घेतात. बॅगेभोवती गुंडाळलेला प्लास्टिकचा पापुद्राही काढून टाकावा.

मोठे विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरते, तर माराकडे जाणारी छोटी विमाने शहराच्या दुसऱ्या भागातील विल्सन विमानतळावरून सुटतात. इथे हिशेब पुन्हा मांडावा लागतो. माणशी १५ किलो, हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊ हवी, चाकांची टणक पेटी नको. कारण उघड आहे. सेसना कॅराव्हॅनसारख्या विमानाच्या पोटाखालचा सामानाचा कप्पा अरुंद असतो, मऊ बॅग त्यात दाबून बसवता येते. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे, माराच्या मुरमाड धावपट्ट्याही उंचावरच आहेत. विरळ हवेत पंखांना कमी आधार मिळतो, त्यामुळे किलो-किलोचा हिशेब ठेवावा लागतो. सात किलोंचे कॅमेऱ्याचे सामान धरले तर कपडे, चार्जर आणि बाकी सगळ्यासाठी आठ किलो उरतात. जास्त सामानाची गरज असेल तर काही कंपन्या सामानासाठी जादा आसन विकतात. नको असलेली बॅग नैरोबीतील हॉटेलात ठेवून परतताना घेता येते.

ट्रायपॉडचा भार इथे सहज वाचतो. मारात छायाचित्रण गाडीतूनच होते, खाली उतरायची बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि गाडीत तीन पाय पसरायला जागा नसते. खिडकीच्या काठावर किंवा छताच्या कडेवर ठेवायची धान्याची पिशवी, म्हणजे बीनबॅग, हा खरा आधार. ती भरलेली दोन-तीन किलोंची असते, रिकामी मात्र अगदी हलकी. ती रिकामीच न्यावी आणि कॅम्पच्या स्वयंपाकघरातून तांदूळ किंवा वाटाणे घेऊन भरावी. परदेशातून धान्य नेण्यावरही निर्बंध असल्याने घरून भरून नेण्यात काही हशील नाही.

कीकोरोक, ओल किओम्बो, मुसिआरा अशा धावपट्ट्यांवर गाडी थेट विमानापाशी येते आणि कॅम्पकडे जाता जाताच प्राणी दिसू लागतात. म्हणून विल्सनवरच एका कॅमेऱ्याला लांब आणि दुसऱ्याला छोटी लेन्स लावून ठेवतात. कोरड्या महिन्यांत गाडीमागे उठणारी धूळ इतकी बारीक असते की उघड्या गाडीत लेन्स बदलली की ती थेट सेन्सरवर बसते. दोन कॅमेऱ्यांचे वजन सोसण्याचे हेच कारण. थांबल्यावर कॅमेऱ्यावर सुती टॉवेल टाकावा आणि रात्री फुग्याने व मऊ ब्रशने धूळ झाडावी.

केनियात २४० व्होल्टची वीज आणि तीन चौकोनी दांड्यांचे प्लग असतात, भारतीय प्लग त्यात बसत नाही. बऱ्याच कॅम्पांत सौरऊर्जा किंवा जनरेटरवर ठरावीक वेळच वीज मिळते. अनेक चार्जरऐवजी ६५ वॅटचा एकच यूएसबी-सी चार्जर, दोन-तीन बॅटऱ्या एकाच वेळी भरणारे चार्जर आणि एक प्लग बदलणारा अडॅप्टर पुरतो. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटला लागणारा छोटा चार्जरही उपयोगी पडतो. दिवसाचे फोटो दोन ठिकाणी साठवावेत आणि एक प्रत कॅमेऱ्यापासून वेगळ्या बॅगेत ठेवावी.

परतीच्या वेळी क्रम उलटा होतो. बॅटऱ्या अर्ध्या उतरवून टोके झाकायची, बीनबॅगमधले धान्य कॅम्पलाच द्यायचे, फोटोंची कार्डे अंगावर आणि प्रत हातातल्या बॅगेत. मुंबईत उतरल्यावर निर्यात प्रमाणपत्र आणि अनुक्रमांकांची यादी हाताशी असावी. घरी आल्यावर बॅगा झटकून उन्हात वाळवाव्यात. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बदलून लेन्स कोरड्या डब्यात ठेवाव्यात, कारण मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत काचेवर बुरशी चढायला फार दिवस लागत नाहीत. बॅटऱ्या चाळीस ते साठ टक्क्यांच्या दरम्यान भरून थंड, कोरड्या जागी ठेवाव्यात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची पातळी तपासून घ्यावी आणि फुगलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.